विहिरीत सोडलेलं ताट

आमच्या विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी सकाळीच आईचा फोन आला. "पाणी लागलं बाई! गुलमंडीतून टॉवेल-टोप्या घेऊन ये. खाली उतरणाऱ्या माणसांना द्यायच्यात." आईचा आवाज इतका खुलला होता, की वडील गेल्यापासून तो तसा ऐकल्याचं मला आठवत नव्हतं.

आमच्याकडं ही रीतच आहे. विहिरीला पाणी लागलं की नारळ फुटतो, पुरणाचा स्वयंपाक होतो आणि जी माणसं खाली उतरून खोदतात त्यांना पंगतीला बसवून टॉवेल-टोपी देतात. मग तो कुठल्याही गावचा असो, कुठल्याही जातीचा असो. एरवी आमच्या गावात जात विचारल्याशिवाय कुणाला पाणी मिळत नाही, पण विहीर खोदणाऱ्याला त्या एका दिवशी मान असतो. निदान लहानपणापासून मी तसं बघत आले होते.

माझं शहरात शिवणाचं दुकान आहे. गुलमंडीतले कापडवाले मला ओळखतात आणि घासाघीस करते म्हणून थोडे घाबरतातही. मी भावाला फोन करून विचारलं, "माणसं किती?" त्यानं ठेकेदाराला विचारलं आणि सांगितलं, "पाच." मी पाच टॉवेल आणि पाच टोप्या घेतल्या, नवऱ्याला वाळूजच्या कंपनीच्या बसला लावून दिलं आणि करमाडच्या गाडीत बसले. करमाडहून आत आडबाजूला आमचं गाव.

शेतात गेले तेव्हा आई चुलीपाशी होती. भाऊ नवा शर्ट घालून मिरवत होता. माझा हा भाऊ माझ्याहून लहान, स्वभावानं गरीब, कुणाला नाही म्हणता येत नाही असा. ठेकेदार बाजेवर बसला होता. गळ्यात चेन, बोलणं गोड. मला बघून उठून उभा राहिला. "या ताई, तुमच्या पायगुणानं पाणी लागलं बघा," म्हणाला. पाणी माझ्या आधी लागलं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

लिंबाखाली पंगत बसली. पाच माणसं. परमुलुखातली असावीत, कारण एकमेकांशी दबक्या आवाजात हिंदीसारखं काहीतरी बोलत होती आणि ठेकेदार बघायला लागला की गप्प होत होती. आई वाढत होती, मी पोळ्या देत होते. एकाच्या घोट्याभोवती कातडी सोलवटून लाल वळ उठले होते. मी विचारलं, "कहाँ के हो भैया?" त्यानं आधी ठेकेदाराकडं बघितलं आणि मग पोळीकडं. टॉवेल-टोप्या मीच वाटल्या आणि माझी पिशवी रिकामी झाली.

मग मी पाणी बघायला विहिरीच्या कडेला गेले. माहेरच्या विहिरीचं पाणी, बघावंसं वाटतंच. खाली वाकले तर गुडघाभर गढूळ पाण्यात एक माणूस उभा. मान मागं टाकून वर बघत होता. त्याला माझं नुसतं डोकं दिसत असणार. मलाही त्याचा चेहरा धड दिसला नाही, पण त्यानं हात जोडले ते दिसले.

"एक जण खालीच राहिला की हो," मी ओरडले.

"राहू द्या ताई," ठेकेदार जागचा न हलता म्हणाला. "तो येडा हाय. वर आला की पळतो."

मी म्हटलं, "कामावरून कुणी पळतं कामून? काम नको असलं तर माणूस सांगून जातो."

भाऊ कसनुसा हसला. ठेकेदारही हसला. हसली नाही ती फक्त आई. ती पळी हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "खाली उतरल्याला उपाशी ठिवून माझी पंगत उठायची नाय. त्याला वर घ्या."

"मग ताट खाली सोडा की माय," ठेकेदार म्हणाला. "यारी हायच."

यारी म्हणजे विहिरीवरची क्रेन. तिच्या दोराला लोखंडी बादली असते, दगड-चिखल वर ओढायची. आईनं ताट वाढलं. दोन पुरणपोळ्या, भात, आमटीची वाटी, भजी. ते माझ्या भावानं घेतलं, बादलीत नीट टेकवून ठेवलं आणि यारीवाल्याला हात केला. इंजिन धडधडलं. बादली गोल फिरत खाली गेली. त्या माणसानं ताट दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि पाण्यातच उभं राहून खाल्लं. बसायला खाली जागाच नव्हती.

मी भावाला बांधाच्या पलीकडं ओढत नेलं. "हे काय चाललंय? तुला दिसत नाही?"

"मला दिसत नाय व्हय?" तो चिडून म्हणाला. "संध्याकाळी माणसांच्या शेडला बाहेरून कुलूप लावतो तो. पण काम माझं हाय आक्का, माणसं त्याची हायेत. अजून बांधकाम बाकी हाय. आत्ता त्याला दुखावलं तर तो अर्धी विहीर टाकून जाईल. मग मी काय करू, सांग की. लई वर्षांनी पाणी लागलंय."

त्याचं हे बोलणं मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिलं आहे. ते पुढं लागणार आहे.

आईकडं बघितलं तर ती भांडी गोळा करत होती. आमच्या घरातल्या प्रत्येक ताटावर वडिलांचं नाव आणि गाव कोरलेलं आहे. त्या काळी भांडी घेतली की दुकानातच नाव घालून मिळायचं, आणि आईला तर चमच्यावरही नाव लागायचं. तिनं ताटं मोजली आणि म्हणाली, "खालचं ताट राहिलं." ठेकेदार म्हणाला, "येईल संध्याकाळी बादलीतून." ते आलं नाही.

करमाडच्या थांब्यावर गाडीची वाट बघताना मी पोलिसांच्या आपत्कालीन नंबरला फोन लावला. मी आयुष्यात पोलिसांना कधी फोन केला नव्हता. पलीकडची मुलगी चांगली बोलत होती. मारहाण चालू आहे का, विचारलं. आत्ता नाही, म्हटलं. कुणी जखमी? घोट्याचं सांगितलं. जागा कुठं? गावाचं नाव सांगितलं. मग तिनं विचारलं, "शेत कुणाचं?"

गाडी समोर येऊन थांबली होती. कंडक्टर ओरडत होता. मी भावाचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. गाडी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दोन पोलीस गावात गेले. आता आमच्याकडची तऱ्हा ऐका. गावात कुणी सरकारी माणूस आला की तो आधी पोलीस पाटलाच्या ओट्यावर जातो. चहा होतो. काय काम काढलं, कुणाकडं जायचंय, हे ओट्यावर बोललं जातं आणि मग पाटील ज्याच्याकडं जायचं त्याला निरोप धाडतो, की पाहुणे येतायत, तयारीत राहा. ह्याला आम्ही माणुसकी म्हणतो. मयताच्या नाहीतर पीकपाहणीच्या कामाला ती बरीच. पण इथं पाटलाची स्वतःची विहीर त्याच ठेकेदाराकडं पुढच्या नंबरला होती. चहा उकळेपर्यंत पाटलाचा फोन भावाला गेला आणि भावाचा ठेकेदाराला. पोलीस शेतात पोचले तेव्हा यारी होती, शेड होती, शेडला कुलूपही नव्हतं. माणसं पिकअपमध्ये कोंबून कधीच निघून गेली होती. पोलिसांनी विहिरीत डोकावून बघितलं, पाण्याची तारीफ केली आणि गैरसमजातून तक्रार झाल्याचं लिहून घेऊन परत गेले.

संध्याकाळी भावाचा फोन आला. तो रडत होता की शिव्या देत होता, कळायला मार्ग नव्हता. "आपल्याच शेतात पोलीस आणले तू आक्का! आता बांधकाम कोण करणार? तुझा नवरा?" मी फोन ठेवून दिला. मला त्याचा संताप आला होता आणि त्याची कीवही येत होती. पण सगळ्यात जास्त भीती वाटत होती ती वेगळीच. त्या माणसानं हात जोडले ते मला, आणि मी फोन केला म्हणून त्याला आता कुठल्या खड्ड्यात नेऊन घातलं असेल?

पुढचे काही आठवडे मी कचेऱ्या हिंडले. दुकान बंद ठेवलं की गिऱ्हाइकं तोंड वाकडं करत, लग्नसराई होती. एका कचेरीत सांगितलं, हा पोलिसांचा विषय. पोलिसांनी सांगितलं, कामगारांचा विषय आहे, तिकडं जा. तिकडचे साहेब म्हणाले, विहीर म्हणजे कारखाना नाही. एकानं तर मला समजावलं, "बाई, वेठबिगारी कधीच बंद झाली. कायदाच आहे तसा." मी म्हटलं, "साहेब, कायदा तर हेल्मेटचाही आहे." ते हसले आणि त्यांनी पंखा वाढवला.

शेवटी एका वकीलबाईंनी, ज्यांचे ब्लाऊज मी शिवते, सांगितलं की अशा प्रकरणात उपविभागीय अधिकाऱ्याला थेट अधिकार असतात. चौकशी करायची, माणसं सोडवायची, त्यांना मुक्तीचा दाखला द्यायचा. कुणीही कळवू शकतं, नात्यातलं असायला लागत नाही. मी गेले. अधिकारी बाई होत्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी मला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, मध्ये फोनही घेतला नाही. मग म्हणाल्या, "आता ती माणसं कुठं आहेत?"

हेच तर मला माहीत नव्हतं. जिल्हाभर विहिरी चालू होत्या. बाई म्हणाल्या, "काहीही कळलं तर मला येऊन सांगा. गावात कुणाला नाही." मी घरी आले आणि तशीच बसून राहिले. नवऱ्यानं शिफ्टवरून येऊन माझ्यासमोर चहा ठेवला. "केलंस तेवढं पुष्कळ केलंस," म्हणाला. मला ते अजिबात पुष्कळ वाटत नव्हतं.

आणि मग ताट सापडलं.

आईचा फोन आला, दबक्या आवाजात. सिल्लोडच्या बाजूच्या एका खेड्यातल्या बाईनं तिला फोन केला होता. बाई अनोळखी. पण त्या बाईची नणंद आमच्या गावाजवळ दिलेली, तिनं विचारत विचारत आमचा नंबर काढून दिला होता. कशासाठी, तर आमचं ताट तिच्याकडं आलं होतं आणि तिला ते परत करायचं होतं.

हे शहरातल्या माणसाला सांगून पटत नाही. आमच्याकडं लग्नाकार्यात भांडी इकडची तिकडं होतात आणि मग बायका वर्षानुवर्षं नावं वाचून ती मालकिणीला पोचवत राहतात. दुसऱ्याच्या नावाचं भांडं घरात ठेवणं म्हणजे चोरी केल्यासारखंच. पुरुषांना ह्यातलं काही कळत नाही. त्यांना सगळी ताटं सारखी.

मी त्या बाईला फोन लावला. ती सांगायला लागली, "आमच्या हिरीचं काम चालू हाय. चिखलाच्या बादलीत वर ताट आलं. यारीवाला म्हणला, तुमचंच पडलं आसंल, घ्या. मी बघितलं तर नाव दुसऱ्याचं. आन् बाई, मला नवल वाटलं ते सांगू का? बादली सगळी चिखलानं भरलेली आन् ताट वरतीच ठिवल्यालं, घासून लख्ख. खाली कोण ताट घासतं?"

मी विचारलं, "खालचा माणूस वर येतो का?"

फोनवर दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "नाय येत. आमचे मालक म्हणत्यात आपल्याला काय करायचंय."

"मालकांना माझा फोन आलेला सांगू नका."

"नाय सांगत," ती म्हणाली. "मला ताट पोचवायचंय, येवढंच म्हणलं मी नणंदंला."

ह्या वेळी मी आईलाही काही सांगितलं नाही. सरळ त्या अधिकारी बाईंकडं गेले. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः गेल्या, साध्या जीपमधून, बरोबर पोलीस घेऊन. गावातून गेल्याच नाहीत. ओट्यावरचा चहा चुकवला आणि शिवारातल्या वाटेनं थेट विहिरीवर उतरल्या. खाली दोन माणसं होती, वर चार, ठेकेदार झाडाखाली झोपलेला. आमच्या पंगतीतले पाचही जण त्यांत होते. यारीनं खालच्यांना वर घेतलं तेव्हा आमचा तो माणूस डोळे उघडेना, उजेड सहन होत नव्हता. हे मला नंतर जीपच्या ड्रायव्हरनं सांगितलं.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. ठेकेदार आत गेला आणि जामिनावर बाहेर आला. केस चालू आहे. माणसांना दाखले मिळाले, पोलिसांनी त्यांना गाडीत बसवून आपापल्या मुलखात पोचवलं. सरकारी मदत मिळायची होती, ती मिळाली की नाही मला कळलेलं नाही. मी विचारत असते. आमचं ताट मुद्देमालात जमा आहे. आईनं त्याच्या जागी दुसरं घेऊ दिलं नाही. भाऊ माझ्याशी बोलत नाही, आणि गावातले निम्मे लोक मला बघून रस्ता बदलतात. पोलीस पाटलाच्या विहिरीचं काम आता दुसऱ्या ठेकेदाराकडं आहे.

भाऊ का बोलत नाही, ते जबाबाच्या दिवशीचं आहे. तेवढं सांगून थांबते.

पहिली विहीर आमची म्हणून भावाला कचेरीत बोलावलं होतं. तक्रार माझी म्हणून मलाही. निघताना आई फोनवर म्हणाली होती, "इचारतील ते खरं सांग. पण भावाला संभाळ." दोन्ही एका दमात म्हणाली. मी हो म्हटलं.

विहिरीतला तो माणूस भिंतीजवळच्या खुर्चीत बसला होता. पहिल्यांदाच मी त्याचा चेहरा बघितला. चाळिशीचा असेल. पाय पाण्यानं पांढरे पडून भेगाळले होते, चपलेत मावत नव्हते. खिडकीकडं पाठ करून बसला होता. काम शोधायला घरून निघाला आणि स्टेशनवर एकानं चहा पाजून गाडीत घातला, एवढंच त्याला सांगता येत होतं. कुठल्या जिल्ह्यात आहोत हे त्याला माहीत नव्हतं. एकदा पळाला होता, धरून आणला, तेव्हापासून खालीच. ताटावरचं नाव त्यानं विहिरीत चाचपून चाचपून वाचलं होतं. ते कुणाचं तरी घर आहे, एवढं त्याला कळलं होतं. म्हणून ताट पोत्यात लपवून त्यानं पुढच्या विहिरीत नेलं आणि संधी मिळाली तेव्हा घासून वर पाठवलं.

भाऊ आत आला तसा तो माणूस धडपडत उठला आणि त्यानं हात जोडले. अधिकारी बाईंनी विचारलं, "इनको पहचानते हो?"

"जी. बड़े भले आदमी हैं. काम तो सबने करवाया, खाना इन्होंने भेजा था."

"तुमको जबरदस्ती नीचे रखा था, ये इनको मालूम था?"

"ना मैडम. मालूम होता तो निकाल न लेते?"

लिहून घेणाऱ्या बाबूनं पेन टेकवलं. भाऊ खाली मान घालून टोपी कुरवाळत होता. त्याच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. लहानपणी त्याला ताप आला की मी ओला फडका ठेवायचे ती मान. अधिकारी बाई माझ्याकडं वळल्या. "तुमचं काय म्हणणं आहे?"

गप्प बसले असते तर भाऊ सुटला असता. सोडवणारा तर तयारच होता, हात जोडून. पण मला पाण्यात उभं राहून जेवणारा माणूस दिसत होता, आणि त्याला उद्या घरी जाऊन कुणाचं तरी भलं नाव घ्यायचं होतं म्हणून तो माझ्या भावाचं घेत होता. मला रडू आवरेना. तशीच म्हणाले, "भावाला माहीत होतं. शेडला कुलूप लावतात हे त्यानंच मला सांगितलं. आईनं सांगितलं होतं ह्याला वर घ्या म्हणून. त्यानं वर घेतलं नाही. त्यानं स्वतःच्या हातानं ताट बादलीत ठेवलं आणि खाली सोडलं."

भावानं मान वर केली नाही. तो माणूसच कासावीस झाला. मराठी त्याला थोडीफार कळायला लागली असावी. माझ्याकडं बघून, एखाद्या चुकणाऱ्या बाईला समजवावं तसा तो म्हणाला, "दीदी, ऐसा मत बोलो. थाली इन्होंने ही रखी थी, अपने हाथ से. मैंने नीचे से देखा था."

"हाँ भैया," मी म्हणाले. "वही लिखवा रही हूँ."